बफीचे नायक, बफीचे खलनायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही व्हॅम्पायरांशी लढणाऱ्या मुलीची मालिका मनापासून पाहिलेली दोन माणसं भेटली की थोड्याच वेळात स्पाइक या व्हॅम्पायरवरून वाद सुरू होतो. मग बफीचा मित्र झँडर, तिच्यासारखीच दुसरी स्लेयर फेथ, तिचा मार्गदर्शक जाइल्स अशी एकेकाची उलटतपासणी होते. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. माझी बाजू आधीच सांगते: या मालिकेत कोणाच्या अंगात आत्मा आहे आणि कोणाच्या नाही, यावर फार भरवसा ठेवू नका. आपण ज्याचं वाटोळं केलं त्याच्या नजरेला नजर देण्याची तयारी त्या पात्राकडे आहे का, हे बघा. मी सगळ्यांना याच मापाने मोजते.

स्पॉयलर आहेत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. सातही सीझन पाहून झाले नसतील तर आधी ते पाहा. निदान दुसरा, पाचवा आणि सहावा सीझन तरी काहीही माहीत नसताना पाहायला हवेत.

चित्रपट आधी पाहायला हवा का?

गरज नाही. 1992 चा चित्रपट याच कल्पनेवर होता, पण त्याचा सूर वेगळा आणि बफीही वेगळी. मालिका सुरू झाली 10 मार्च 1997 ला आणि संपली 20 मे 2003 ला. पहिल्या सीझनचे 12 भाग, पुढच्या प्रत्येकाचे 22, एकूण 144. पहिले पाच सीझन डब्ल्यूबी वाहिनीवर लागले, शेवटचे दोन यूपीएनवर. मागची गोष्ट म्हणून एवढं पुरे: लॉस एंजेलिसमधल्या शाळेतून काढून टाकलेली बफी समर्स, म्हणजे राक्षसांशी लढायला निवडली गेलेली 'स्लेयर', आईबरोबर सनीडेल या कॅलिफोर्नियातल्या काल्पनिक गावात येते, आणि तिथल्या शाळेच्या लायब्ररीखालीच हेलमाउथ, म्हणजे नरकाचं तोंड असतं.

इथे व्हॅम्पायर झाला की तो आपोआप खलनायक होतो का?

मालिकेचा नियम तरी तसाच आहे. व्हॅम्पायरने रक्त शोषलं आणि स्वतःचं रक्त पाजलं की माणूस मरतो, आत्मा निघून जातो आणि त्या देहात राक्षस येऊन बसतो. आठवणी त्याच राहतात, आवाज तोच, आवडीनिवडीही त्याच. फक्त ज्याला आपण ओळखत होतो तो माणूस गेलेला असतो. त्यामुळे खुंटा खुपसणं हा खून ठरत नाही. व्हॅम्पायरचं प्रेतही मागे उरत नाही, क्षणात राख होते.

नायिका शाळकरी मुलगी असताना हा नियम फार सोयीचा होता. पण ही सोय किती कच्ची आहे ते मालिका दुसऱ्याच भागात दाखवते. झँडरचा जिवलग मित्र जेसी व्हॅम्पायर होतो. झँडर खुंटा धरून समोर उभा राहतो, पण हात उचलत नाही. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागतो, जेसी त्या खुंट्यावर आदळतो आणि संपतो. समोर उभा असलेला झँडरशी झँडरचा मित्र म्हणूनच बोलत होता, सगळं आठवत होतं त्याला. नियम म्हणतो हा जेसी नव्हे. प्रेक्षकाच्या पोटात मात्र गोळा येतो. पुढे जेसीचं नाव जवळजवळ निघतच नाही, आणि मालिकेवरची माझी पहिली तक्रार हीच आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये याची उलटी बाजू दिसते. बफीचा जुना मित्र फोर्ड मेंदूच्या गाठीने मरायला टेकलेला असतो. आपल्याला अमर करावं म्हणून तो बफीला आणि स्वतःच्या भोळ्या सोबत्यांना स्पाइकच्या हवाली करायला निघतो. आत्मा शाबूत, आजार खरा, भीतीही खरी, आणि तरीही तो जे करतो ते निव्वळ विश्वासघात आहे. बफी त्याला तोंडावर सांगते की तू निवड केली आहेस.

एंजल आणि एंजेलस एक की दोन?

एंजल हा बफीचा प्रियकर आणि स्वतः व्हॅम्पायर. चाहत्यांत यावर सरळ दोन तट आहेत. पहिला म्हणतो, आत्मा असताना एंजल, नसताना एंजेलस, आणि एकाच्या पापाचा हिशेब दुसऱ्याकडे मागायचा नाही. दुसरा म्हणतो, देह एक, आठवणी एक, तर माणूसही एकच.

मी दुसऱ्या बाजूची, कारण एंजल स्वतः तसंच मानतो. 1898 मध्ये रोमानी टोळीने त्याला शाप देऊन आत्मा परत दिला, तो उपकार म्हणून नव्हे. त्यांच्या मुलीला त्याने मारलं होतं; केलेलं सगळं त्याला कळावं आणि ते सोसत त्याने जगावं, ही ती शिक्षा होती. 'ते मी केलंच नाही' असं एंजलला म्हणता आलं असतं, तर शापाला अर्थच उरला नसता.

एंजेलस इतका भीतिदायक का वाटतो, हे पाहायचं तर 'पॅशन' हा भाग घ्या. जाइल्स घरी येतो. दारावर गुलाब. आत ऑपेराचं संगीत, बर्फात ठेवलेली बाटली, 'वर ये' अशी चिठ्ठी. त्याला वाटतं त्याची प्रेयसी जेनी रुसवा सोडून आली. तो चष्मा काढतो, हसत, गुलाबाच्या पाकळ्यांवरून जिना चढतो आणि वर पलंगावर जेनी उघड्या डोळ्यांनी मेलेली. मारण्याचं काम तर शाळेतच उरकलं होतं. घरापर्यंतची ही सजावट एंजेलसने फक्त जाइल्ससाठी केली. भुकेचा यात काही संबंध नाही. समोरच्याला आशा वाटेल, आणि नेमकी तीच आशा त्याचा गळा घोटेल, याची ती काटेकोर आखणी होती. ड्रुसिला या मुलीशीही तो असाच वागला होता. आधी तिच्या घरच्यांना मारलं, तिला वेड लागेपर्यंत छळलं, आणि ती जोगीण होण्याची शपथ घेणार त्याच दिवशी तिला व्हॅम्पायर केलं.

ही कल्पकता राक्षसाने आणली की ती त्या देहातल्या माणसाचीच होती? मालिका याचं उत्तर शेवटपर्यंत देत नाही. एंजलला सतत स्वतःची भीती वाटते, यातच मला उत्तर सापडतं.

सगळ्यांत भारी खलनायक कोण?

मेयर रिचर्ड विल्किन्स तिसरा. एंजेलस मनाला जास्त लागतो हे मान्य, पण खलनायक म्हणून घडवलेलं सर्वांत परिपूर्ण पात्र मेयरचं आहे.

विल्किन्स पहिला, दुसरा आणि तिसरा हा एकच माणूस. शंभर वर्षांपूर्वी त्याने हे गाव वसवलं तेच राक्षसांना खाद्य मिळावं म्हणून. बदल्यात एक दिवस स्वतः अस्सल राक्षस होण्याचा सौदा त्याने केला. असा हा माणूस जंतूंना घाबरतो, सारखे हात पुसतो, कोणी शिवी दिली तर नाराज होतो, दूध प्या म्हणतो, मिनी गोल्फ खेळतो. हॅरी ग्रोनरने हे सगळं इतक्या मनापासून केलंय की त्याचं हसू खोटं आहे असं एकदाही वाटत नाही. ते खोटं नाहीच. त्याला खरोखर सगळं छान, नीटनेटकं आणि वेळेवर हवं असतं. त्यात माणसं मेली तर ती त्याच्या दृष्टीने कामाची बाब.

आणि मग फेथ. तिला तो राहायला घर देतो, सुरा भेट देतो, तिच्या कपड्यांची आणि जेवणाची काळजी करतो. हे प्रेम खरं होतं का, असं नेहमी विचारलं जातं. होतं. फेथ कोमात पडलेली असते त्या दवाखान्यात त्याचा चेहरा पाहा. पण शेजारच्याच खाटेवर बफी दिसताच तो तिचं नाकतोंड दाबून तिला मारायला जातो. त्याच्या प्रेमाची हद्द एका मुलीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बफी अखेर त्याला हरवते तेही याच्याच जोरावर. फेथला भोसकलेला सुरा ती त्याला दाखवते, चिडवते, आणि अजगर झालेला मेयर तिच्यामागे शाळेत घुसतो. तिथे स्फोटकं रचून ठेवलेली असतात.

हा भाग मे 1999 मध्ये लागायचा होता. त्या एप्रिलमध्ये कोलोराडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, आणि पदवीदानाच्या दिवशी शाळेत रणकंदन दाखवणारा हा भाग वाहिनीने जुलैपर्यंत पुढे ढकलला. त्याच सीझनमधला 'इअरशॉट' हा भाग तर सप्टेंबरपर्यंत अडकला.

मास्टर, ॲडम, ग्लोरी यांचं काय?

मास्टर हा जुन्या वळणाचा व्हॅम्पायर. पहिल्या सीझनपुरता तो उत्तम आहे आणि शेवटी बफीला खरोखर मारतोही. झँडर तिला श्वास देऊन परत आणतो, म्हणून तर पुढे एकाच वेळी दोन स्लेयर होतात. पण मास्टरला मनच नाही, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. प्रयोगशाळेत बनवलेला ॲडम सगळ्यांत फिका. चौथ्या सीझनची भीती त्याच्यात नाहीच, ती सरकारी प्रयोगशाळेत आहे. ग्लोरी मला आवडते, कारण देवी असूनही ती वैतागलेली, घरी परतायला आसुसलेली आहे आणि तिच्यापुढे बफीची ताकद चालत नाही. पण तिची खरी गोष्ट तिच्याच देहात राहणाऱ्या बेन या माणसापाशी येऊन थांबते, ती पुढे पाहू.

सातव्या सीझनमधल्या फर्स्ट या मूळ दुष्ट शक्तीला देहच नाही. मेलेल्यांचं रूप घेऊन कान भरायचे, एवढंच त्याचं काम. कल्पना जबरदस्त आहे, पण बावीस भाग पुरत नाही, आणि म्हणून त्याचा हस्तक, पाद्री कॅलेबला आणावं लागलं.

बिग बॅड, म्हणजे सीझनचा मुख्य खलनायक, म्हणून तिघं पोरं? सहावा सीझन इतका फुसका का?

फुसका म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

वॉरन, जोनाथन आणि अँड्र्यू यांच्याकडे शाप नाही, भविष्यवाणी नाही, सिंहासन नाही. तळघरात बसून खेळणी आणि यंत्रं जमवणारी ही मुलं, आणि सुरुवातीला आपल्यालाही त्यांच्यावर हसू येतं. मालिका ते मुद्दाम येऊ देते. मग 'डेड थिंग्ज' येतो. वॉरन आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीची, कॅटरीनाची, इच्छाशक्ती यंत्राने काढून घेतो आणि तिला घरी आणतो. यंत्राचा अंमल उतरतो. भानावर आलेली कॅटरीना या तिघांना सरळ शब्दांत सांगते की हा बलात्कार आहे. ती जायला निघते तेव्हा वॉरन तिला मारून टाकतो. त्या क्षणी जोनाथन आणि अँड्र्यूचे चेहरे बघा, खेळ संपल्याचं दोघांनाही कळलेलं असतं. पुढे तो खून बफीच्या माथी मारायचा बेत होतो आणि जमतोय असं दिसल्यावर वॉरन सुटकेचा श्वास घेतो.

सगळ्या मालिकेत मला वॉरनइतका दुसऱ्या कोणाचा तिटकारा येत नाही. एंजेलसच्या नावावर बळींची रास आहे, पण तो तरी आपण राक्षस असल्याचं उघड सांगतो. वॉरनला आत्मा आहे, डोकं आहे, मित्र आहेत, आणि तरीही स्वतःला तो बिचारा समजतो. बफीने हरवलं म्हणून पिस्तूल घेऊन तो तिच्या अंगणात येतो. सात सीझन व्हॅम्पायर आणि राक्षसांशी झुंजणाऱ्या मालिकेत बफीच्या मैत्रिणीची, विलोची, प्रेयसी टारा मरते ती खिडकीतून आलेल्या एका चुकार गोळीने. आपल्या गोळीने कोण मेलं हेही वॉरनला तेव्हा ठाऊक नसतं.

मग विलोला खलनायिका म्हणायचं का?

त्या सीझनच्या शेवटच्या तीन भागांपुरतं, होय. वॉरनची कातडी सोलताना टाराचा सूड ही सबब तरी होती. जोनाथन आणि अँड्र्यूच्या मागे लागताना आणि सगळं जग संपवायला निघताना तीही उरत नाही. पण जादूचं व्यसन लागलं म्हणून ती बिघडली, हे मालिकेचं स्पष्टीकरण मला कधीच पटलेलं नाही. टाराशी भांडण झाल्यावर विलो जादूने तिच्या आठवणीतून ते भांडण पुसून टाकते, तेव्हा ती शुद्धीवर होती आणि वागणं गोड होतं. आपल्याला त्रास होतोय ना, मग समोरच्याचं मनच बदलून टाकू, हा विचार वॉरनच्या यंत्रापासून फार लांब नाही. एकाच सीझनमध्ये या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, हे मी तरी योगायोग मानत नाही.

फरक नंतर पडतो. विलो जाइल्सबरोबर इंग्लंडला जाते, परत येते, आणि ज्यांना दुखावलं त्यांच्यासमोर उभी राहते. भीतभीत, पण राहते. तिला थांबवणारा झँडरही निःशस्त्र येतो. बालवाडीत तिच्या हातून पिवळा खडू मोडला होता आणि ती रडली होती, ही आठवण सांगून.

स्पाइक नायक आहे की नाही?

इथे घाईने उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

1997 मध्ये तो येतो तेव्हा दोन स्लेयरना मारल्याची फुशारकी मारत येतो: एक 1900 मध्ये चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी, दुसरी 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत. चौथ्या सीझनमध्ये मेंदूत चिप बसवल्यामुळे माणसांवर हात उचलणं त्याला अशक्य होतं. तेव्हापासून त्याचं कौतुक सुरू झालं आणि ते मला थोडं खटकतं, कारण कुलूप लावलेला चोर सज्जन ठरत नाही. पण पाचव्या सीझनमध्ये ग्लोरी त्याला फाडून काढते आणि तो बफीच्या धाकट्या बहिणीचं, डॉनचं, नाव सांगत नाही. चिप त्याला गप्प राहायला सांगत नव्हती आणि आत्मा तर नव्हताच. नियमाप्रमाणे हे घडायलाच नको होतं. मालिकेने स्वतःच्या नियमाला पाडलेलं हे सगळ्यांत मोठं खिंडार.

मग 'सीइंग रेड'मधलं न्हाणीघर. तो बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो. दृश्य लांब आहे, पार्श्वसंगीत नाही, ती विनवते आणि तो ऐकत नाही. जेम्स मार्स्टर्सने पुढे अनेकदा सांगितलंय की हे चित्रण त्याला फार जड गेलं. त्याच्या चाहत्यांनी या दृश्याला 'पात्राशी विसंगत' म्हणून बाजूला सारू नये असं मला कळकळीने वाटतं. विसंगत नाहीच ते. प्रेम म्हणजे हवं ते मिळवणं, हेच त्याला तोवर माहीत होतं, आणि त्याच घटनेनंतर तो आफ्रिकेत जाऊन, परीक्षा देऊन आत्मा मागून घेतो. एंजलला आत्मा शिक्षा म्हणून मिळाला, स्पाइकने तो जाऊन आणला. त्याच्या बाजूने बोलायचं तर याहून मोठा मुद्दा मला सापडत नाही.

आता त्याच्या विरोधातला मुद्दा, तो काळा चामडी कोट. हा कोट त्याने न्यूयॉर्कमध्ये मारलेल्या निकी वूडच्या अंगावरून काढलेला. निकीचा मुलगा रॉबिन वूड सातव्या सीझनमध्ये शाळेचा मुख्याध्यापक म्हणून येतो. तोवर स्पाइकला आत्मा मिळालेला असतो, तरी कोट अंगावरच. रॉबिन त्याच्याशी लढतो, हरतो, आणि स्पाइक त्याची माफी मागत नाही. 'त्याच्या आईला मारलं म्हणून एकदा जीवदान दिलं' असा हिशेब मांडून तो निघून जातो, कोटासकट. शेवटच्या भागात तो गावासाठी जळून जातो, ते बलिदान खरंच आहे आणि मला दर वेळी रडू येतं. पण रॉबिनच्या नजरेला नजर त्याने दिली नाही. म्हणून माझ्यासाठी तो नायकाच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेला माणूस आहे.

फेथ खलनायिका की परिस्थितीची बळी?

दोन्ही, आणि नंतर नायिकाही. तिच्या हातून उपमहापौराचा जीव जातो तो अपघात होता. अपघातानंतर 'मला फरक पडत नाही' म्हणून ती जे करत जाते, ते अपघात नव्हते. पण मोठ्या माणसांनी तिला वाऱ्यावर सोडलं होतं हेही तितकंच खरं. बफीला आई होती, जाइल्स होता, मित्र होते. फेथ मोटेलच्या खोलीत एकटी. तिची विचारपूस करणारा पहिला मोठा माणूस मेयर निघाला.

'हू आर यू'मध्ये ती बफीच्या शरीरात शिरते. बफीसारखं बोलायचा सराव ती आरशासमोर चेष्टेने करते. 'कारण ते चूक आहे' हे वाक्य ती वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहते. भागाच्या शेवटी चर्चमध्ये व्हॅम्पायरांनी माणसं कोंडलेली असतात. तेव्हा तेच वाक्य तिच्या तोंडून निघतं, आणि आता त्यात चेष्टा नसते. पुढे ती लॉस एंजेलिसला एंजलकडे जाते, स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होते आणि तुरुंगात राहते. बाहेर पडायची ताकद तिच्यात रोज होती. माझ्या मापाने या मालिकेत सगळ्यांत पूर्ण सुटका तिचीच झाली.

झँडर खोटं बोलला, ते माफ करायचं का?

दुसऱ्या सीझनच्या शेवटी विलो एंजलचा आत्मा परत आणायचा प्रयत्न करतेय, थोडा वेळ काढ, असा निरोप झँडरने बफीला द्यायचा असतो. तो निरोप देत नाही. उलट विलोने 'त्याला बदडून काढ' म्हटलंय असं सांगतो. मंत्र यशस्वी होतो, एंजल भानावर येतो, आणि तोवर उघडलेलं नरकाचं दार बंद करायला बफीला त्याच्या पोटात तलवार खुपसावी लागते.

बचाव असा केला जातो की ती वेळ काढत बसली असती तर जग बुडालं असतं. शक्य आहे. पण ते ठरवण्याचा अधिकार तिचा होता, आणि झँडरच्या मनात फक्त जगाची काळजी नव्हती, मत्सरही होता. सातव्या सीझनमध्ये बफी त्या निरोपाचा उल्लेख करते, विलो 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणते, आणि बोलणं पुढे सरकतं. झँडर त्यावर कधीच तोंड उघडत नाही. कसलीही शक्ती नसताना दर रात्री बाहेर पडणारा, पुढे कॅलेबच्या हातून एक डोळा गमावणारा हा माणूस शूर आहे यात वाद नाही. पण ही एक उधारी त्याने चुकवली नाही.

जाइल्सने बेनला मारलं ते बरोबर होतं का?

पाचव्या सीझनच्या शेवटी, 'द गिफ्ट'मध्ये, ग्लोरी हरते आणि तिच्या जागी बेन उरतो. बेन माणूस आहे, जखमी आहे. बफी त्याला जीवदान देऊन डॉनकडे धावते. मग जाइल्स येतो, गुडघ्यावर बसतो, ग्लोरी कधीतरी परत येईल आणि सूड घेईल हे बफीलाही ठाऊक आहे असं शांतपणे सांगतो. बफी वीर आहे, आपल्यासारखी नाही, असं म्हणत चष्मा चढवतो, बेनचं नाकतोंड हाताने दाबतो आणि तो निपचित पडेपर्यंत काढत नाही.

मेयरने दवाखान्यात बफीवर हेच केलं होतं. तोच हात, तीच शांत मुद्रा. मालिकेच्या सर्वांत लाडक्या वडीलधाऱ्याच्या वाट्याला तिने खलनायकाची कृती दिली आणि ती कॅमेऱ्याआड लपवली नाही.

माझं मत: जाइल्सचा अंदाज बरोबर होता, आणि तरीही तो खून होता. जाइल्स त्याला दुसरं नाव देत नाही. बेनच्या डोळ्यांत बघत, 'आपल्यासारखी' म्हणताना स्वतःला बेनच्याच रांगेत बसवून तो ते करतो. म्हणून मी त्याला खलनायक म्हणत नाही. पण दोन सीझननंतर तोच जाइल्स बफीला बोलण्यात गुंतवून ठेवतो, म्हणजे रॉबिनला स्पाइकचा काटा काढता येईल, तेव्हा 'द गिफ्ट'मधला तो हात आठवतो. एकदा असं करता येतं हे कळलं की दुसऱ्यांदा ते सोपं जातं.

वॉचर्स काउन्सिलला खलनायक का मानतात?

काउन्सिल म्हणजे स्लेयरवर देखरेख ठेवणारी संस्था; जाइल्सही त्यांचाच वॉचर. 'हेल्पलेस' हा भाग पाहा. स्लेयर अठरा वर्षांची झाली की तिला नकळत औषध टोचून शक्तिहीन करायचं आणि एका व्हॅम्पायरबरोबर घरात कोंडायचं, ही यांची शतकानुशतकांची परीक्षा. सुई टोचणारा जाइल्सच असतो. शेवटी तो तिला खरं सांगतो, आणि मुलीवर बापासारखं प्रेम जडल्याच्या कारणावरून काउन्सिल त्याला काढून टाकतं. शत्रूशी लढायला मुली पाठवणारे आणि स्वतः इंग्लंडमधल्या टेबलाभोवती बसणारे हे लोक मला मास्टरपेक्षा जास्त संताप आणतात.

ज्यात खलनायकच नाही असा भाग कोणता?

'द बॉडी', 27 फेब्रुवारी 2001. बफीची आई जॉइस मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या दोषाने मरते. भागात पार्श्वसंगीत नाही. कोणालाच कोणावर सूड उगवता येत नाही, आणि एकेकाळी स्वतः राक्षसीण असलेली ॲन्याच विचारत राहते की हे असं का होतं, मला कोणी समजावून का सांगत नाही. खलनायकांची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग पाहावा. बाकीच्या भागांत लढायला कोणीतरी असणं किती दिलासा देत होतं, ते इथे कळतं.

निर्मात्यावर आरोप झाल्यावर हे सगळं कसं पाहायचं?

फेब्रुवारी 2021 मध्ये कॉर्डेलियाचं काम केलेल्या करिस्मा कार्पेंटरने जॉस व्हीडनने आपल्याला, विशेषतः गरोदरपणात, वाईट वागवल्याचं जाहीर सांगितलं. अनेक सहकलाकार तिच्या पाठीशी उभे राहिले. व्हीडनने पुढे एका मुलाखतीत बरेच आरोप नाकारले. मी मालिका पाहणं सोडलं नाही, पण तिचं श्रेय एका माणसाच्या झोळीत घालणं सोडलं. लिहिणारे, अभिनय करणारे, मारामारी करून हाडं मोडून घेणारे स्टंट कलाकार, या सगळ्यांची ती आहे.

'एंजल' मालिका मध्ये कुठे पाहायची?

1999 ते 2004, पाच सीझन, 110 भाग. बफीचा चौथा आणि एंजलचा पहिला सीझन आलटून पालटून पाहा. फेथसाठी हा क्रम चुकवू नका: बफीमधले 'धिस इयर्स गर्ल' आणि 'हू आर यू', लगेच एंजलमधले 'फाइव्ह बाय फाइव्ह' आणि 'सँक्च्युअरी', मग बफीमध्ये परत. स्पाइकचा भूतकाळ दाखवणारा 'फूल फॉर लव्ह' आणि एंजलमधला 'डार्ला' हे 14 नोव्हेंबर 2000 ला एकाच रात्री लागले होते, तेही एकापाठोपाठ एक पाहा. बॉक्सर बंडाचा तोच प्रसंग दोन्हींत आहे आणि दुसऱ्यांदा पाहताना एंजलच्या चेहऱ्याचा अर्थ बदलतो. बफीचा शेवट पाहिल्याशिवाय एंजलच्या पाचव्या सीझनला हात लावू नका, कारण तिथे स्पाइक आहे.